जिथं हरळी रुसली

आजीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला कायम एक हिरवट-काळा डाग असायचा. कितीही घासला तरी जायचा नाही. तो हरळीचा डाग. घरामागच्या अबोलीच्या वाफ्यात ती रोज सकाळी खुरपं घेऊन बसायची. खुरपं मातीत तिरकं घालायचं, ढेकूळ उचलून हातावर फोडायचं आणि त्यातून हरळीचं पांढरं, चिवट मूळ अख्खं बाहेर काढायचं. मी मदतीला बसलो की गवत धरून ओढायचो. आजी माझा हात अडवायची. "उपटू नको रे, तुटते ती. खणून काढ." हरळीला पेरापेराला मूळ फुटतं. एक पेर मातीत राहिलं तरी आषाढात त्याची जाळी होते. म्हणून काढलेली हरळी ती खतात टाकायची नाही. बांधावरच्या तापलेल्या दगडांवर पसरून ठेवायची, कुडकुडीत वाळेपर्यंत.

आमचं घर आचोळ्याच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. आज नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की आचोळे रोडवर माणसांचा आणि रिक्षांचा लोंढा दिसतो. आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, त्याच बाजूला उतरल्यावर भाताची खाचरं दिसायची आणि त्यांच्या पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. फुलांची शेती म्हणावी अशी ती आमच्या बाजूची नव्हेच. फुलं रुळांच्या पश्चिमेला. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी ही सगळी वाड्यांची गावं. तिथली माती वाळूमिश्रित, पाणी वरच्यावर, आणि पावसाचं पाणी साठवून विहिरींना पाझर देणारी बावखलं जागोजाग. आमची माती काळसर चिकण. पावसात घोटाभर चिखल, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा.

आजीचं माहेर निर्मळचं. आचोळ्याला नांदायला आली तेव्हा म्हणे तिच्या ट्रंकेत अबोलीच्या बियांची पुरचुंडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला सोनटक्क्याचा कंद होता. सासरच्या चिकण मातीत वाडीची फुलं कशी जगवायची, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतः तोड काढली. घरामागं, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, तिनं जमिनीपेक्षा चांगला हातभर उंच वाफा केला. चिकण मातीत भाताचा कोंडा, राख आणि वर्षभराचं मुरलेलं शेण कालवलं. खाचरात पाणी तुंबलं तरी वाफ्यातली मुळं वरच राहायची. मोरीच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ, त्यांच्यापुढं सोनटक्का, आणि वर कोरड्याला अबोली. वाफ्यावर शेवग्याची आणि घराच्या कौलांची सावली असायची. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन सोडलं तर तिथं थेट ऊन नसायचंच. अबोलीला तेवढं पुरायचं.

सुट्टीत निर्मळला गेलो की फुलांचा खरा संसार बघायला मिळायचा. रहाटाची कुरकुर, पाटातून सरकत येणारं पाणी, मोगऱ्याच्या ताटव्यात वाकलेल्या बाया. कळ्या पहाटेच्या आत खुडायच्या, कारण विरारहून सुटणाऱ्या पहिल्या गाड्यांनी त्या दादरच्या फुलबाजारात पोचायला हव्यात. मालडब्यात चढणाऱ्या त्या टोपल्यांवर केळीची ओली पानं झाकलेली असत. वडिलांच्या मामीबरोबर एकदा मीही गेलो होतो. वसईच्या खाडीवरून गाडी जाताना खारा वारा आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळला होता. तो वास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

गजरे आणि वेण्या ओवायला दोरा विकत आणायची पद्धत नव्हती. केळीचं वाळलेलं सोपट पाण्यात भिजवायचं आणि नखानं त्याचे धागे सोलायचे. ओला धागा फुलाच्या देठाला कापत नाही, घट्ट धरतो. अबोलीच्या फुलाची नळी लांब आणि बारीक असते. पाच-सहा फुलांचा झुपका डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचा, धाग्याचा एक वेढा, एक गाठ, लगेच पुढचा झुपका उलट्या तोंडानं. आजी बोलता बोलता हातभर वेणी ओवायची आणि तिची नजर हाताकडे क्वचितच जायची. अबोलीला वास नाही, पण ती दोन दिवस कोमेजत नाही. सोनटक्क्याला वास मोठा, पण तो रात्रीपुरता. आजी म्हणायची, एकीनं केस सजवायचे, दुसऱ्यानं घर भरायचं.

आणि वर्षभर जिच्याशी वैर, त्या हरळीचा एक दिवस येई. हरतालिकेच्या संध्याकाळी आजी आंघोळ करून, ओच्यात हात पुसत बांधावर जायची आणि त्याच हरळीचे कोवळे, तीन पात्यांचे शेंडे एकेक करून खुडायची. खुरपं नाही, ओढाताण नाही. दुर्वांच्या एकवीस जुड्या ती स्वतः बांधायची. मी एकदा विचारलं, "आजी, हीच ना ती हरळी?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "जागेवर असली की दुर्वा." एवढंच.

पुढं काय झालं ते वसईतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, म्हणून फार लांबवत नाही. मुंबईत घर न परवडणारी माणसं आमच्याकडं आली. त्यांना यावंच लागलं, त्यांचा दोष नाही. 1990 साली या भागाच्या नियोजनाचं काम सिडकोकडं गेलं. पश्चिमेच्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी उपसलं जाऊ लागलं आणि गोड्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीनं त्याविरुद्ध मोठा लढा दिला. तो झाला नसता तर पश्चिमेच्या वाड्या आज आहेत तेवढ्याही उरल्या नसत्या. पूर्वेकडं मात्र वाचवण्याजोगं कोणाला काही दिसलंच नाही. भाताची खाचरं ती, पावसात पाण्याखाली जाणारी. त्यांच्यावर मुरूम आणि राडारोडा टाकून भरणी झाली आणि इमारती उठल्या. 2009 साली महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. 1 ऑगस्ट 2014 ला आमचा जिल्हा ठाण्याऐवजी पालघर झाला. आमचं खाचर आम्हीच विकलं. वडिलांची सही मी समोर बसून पाहिली आहे. आजी तेव्हा नव्हती, एवढंच समाधान.

त्याच खाचराच्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत मी आज राहतो. चार मजली इमारत, तिच्या उत्तरेला कंपाऊंडच्या भिंतीपर्यंत चाळीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक पट्टी, भिंतीलगत आसुपालवाची रांग. या पट्टीवर लॉन असावं ही सगळ्यांची फार जुनी इच्छा. मला ती इच्छा समजते. दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या पोराला अनवाणी लोळायला चार हात हिरवळ हवी, यात वावगं काय? वर्गणी काढली, एका कंत्राटदाराला काम दिलं, मे महिन्यात मेक्सिकन लॉनचे चौकोनी तुकडे एकाला एक लावून बसवले. जुलैत ते इतकं हिरवं दिसत होतं की लोक गॅलरीतून फोटो काढत होते. दिवाळीपर्यंत त्याचं पिवळं पोतेरं झालं. ख्रिसमसला खाली माती दिसायला लागली.

दोन वर्षांनी पुन्हा प्रयत्न. या वेळी दुसऱ्या माणसानं सांगितलं, मेक्सिकन नाजूक असतं, बर्म्युडा लावा, ते कुठंही येतं. टेम्पोतून माल उतरला. मी एक तुकडा हातात घेतला, उलटा केला, पेरं बघितली आणि तिथंच पायरीवर बसलो. ती हरळी होती. पात निवडून बारीक केलेली, पण हरळीच. आजीनं आयुष्यभर जी खणून काढली, ती आम्ही चौरस फुटाच्या भावानं विकत आणली होती. आणि गंमत करावी असंही मन होईना, कारण तीही आमच्याकडं जगली नाही. जी कुणाला हटली नाही ती हरळी त्याच गावात, त्याच मातीवर, डिसेंबरात मरून गेली.

ती का मेली, ते मला शोधायचंच होतं. वर्षभर मी त्या पट्टीवर खडूनं सावलीच्या खुणा केल्या. उत्तर आभाळात होतं. आपल्याकडं साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडं कललेला असतो. तेवढे दोन-अडीच महिने इमारतीच्या उत्तरेच्या पट्टीलाही ऊन मिळतं. म्हणूनच मे महिन्यात लावलेलं लॉन दोन्ही वेळा फसवं हिरवं झालं. मग सूर्य दक्षिणेला सरकतो आणि डिसेंबरात भर दुपारीसुद्धा इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी लांब पडते. आमची बारा फुटांची पट्टी तिच्या पोटात पुरती बुडते. हरळी ही उघड्या रानाची. तिला दिवसाचे सहा-सात तास तरी कडक ऊन हवं. ते नसलं की ती पाणी घालून, खत घालून, मिनतवाऱ्या करून येत नाही. उलट जास्त पाण्यानं लवकर कुजते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून टाकू, असा विषय निघाला. मी उठून म्हणालो, मला एक पावसाळा द्या, तिथं फुलझाडं करून दाखवतो. तळमजल्यावरच्या वहिनी माझ्या बाजूनं बोलल्या, म्हणून मंजूर झालं.

एप्रिलात खणायला घेतलं. माळीदादा आणि मी, सकाळी दोन-दोन तास. वरचा हातभर थर म्हणजे निव्वळ राडारोडा. विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेपं, फरशीच्या कपच्या, सिमेंटच्या गोणीचं प्लास्टिक. आठ दिवस आम्ही घमेल्यानं तेच उचलत होतो. आणखी हातभर खाली पहारीचा आवाज बदलला. खणखण थांबली, धप असा ओला आवाज आला. माळीदादा म्हणाला, "साहेब, माती लागली." मी खाली उतरलो. काळसर, चिकण, बोटाला लोण्यासारखी लागणारी माती. तिच्यात खाचरातल्या गोगलगायींचे छोटे पांढरे शंख तसेच होते, करंगळीच्या नखाएवढे. पाण्याचा शिपका मारला आणि लावणीच्या दिवसांचा वास आला. तीसेक वर्षं ती माती राडारोड्याखाली दबून होती आणि तिचा वास गेला नव्हता. मला रडू आलं, ते लपवावं असं वाटलं नाही.

त्या मातीची वीसेक घमेली वर काढली. तीत वसई पूर्वेच्या एका तबेल्यातलं मुरलेलं शेणखत, आमच्याच आवारातल्या पाल्याचं कुजलेलं खत, निंबोळी पेंड आणि थोडी लाल माती कालवली. आसुपालवाच्या मुळांना धक्का न लावता, भिंतीपासून अंतर सोडून वाफा केला. आणि तो केला जमिनीपेक्षा हातभर उंच, विटांची तिरकी कड लावून, पाणी निघून जावं म्हणून रस्त्याच्या बाजूला किंचित उतार ठेवून. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या होत्या, तेव्हा आमच्या आवारात गुडघाभर पाणी दोन दिवस उभं होतं. उंच वाफ्याशिवाय इथं काही टिकणार नाही, हे कुठल्या पुस्तकात वाचायची मला गरज नव्हती.

झाडं निवडताना सगळ्यांना मोगरा हवा होता. मी नाही म्हटलं. मोगरा हा उन्हाचा हट्टी. सावलीत त्याची पानं हिरवीगार होतात आणि कळी धरत नाही. गुलाब, झेंडू, शेवंती यांचंही तेच. सावलीच्या जागेला सावलीचीच माणसं हवीत. भिंतीकडं पाणी जरा रेंगाळतं, तिथं सोनटक्का आणि कर्दळ. मधल्या ओळीत तगर, जिला अर्धी सावली खपते. पुढं अबोली. मोकळ्या जागांत गुलबक्षी आणि पावसापुरता तेरडा. एका कोपऱ्यात हळद, कारण नारळाच्या वाडीत सावलीखाली ती पिढ्यान्‌पिढ्या घेतात. आसुपालवाच्या एका खोडाशी पानवेल सोडली. बिया आणि कंद नर्सरीतून आणले नाहीत. निर्मळला वडिलांच्या मामेभावाची वाडी अजून थोडी शिल्लक आहे. तिथं आजीच्या माहेरची अबोली अजून आहे. ट्रेनमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मी ती परत आणली, आजीनंतर दुसऱ्यांदा.

पहिल्या वर्षी सगळं साधलं नाही. हौसेनं लावलेली सदाफुली श्रावणात कुजली. भिंतीच्या अंगाला चार अबोल्यांची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. राडारोड्यातल्या चुन्या-सिमेंटमुळं माती अल्कधर्मी झाली की झाडाला लोह उचलता येत नाही, त्याची ती खूण. तिथं पुन्हा खणलं, आणखी तीन घमेली प्लास्टर निघालं, पाल्याचं खत भरलं, दोन झाडं सावरली. बोअरचं पाणी खारट, ते बंद केलं. आता तळमजल्यावरच्या चार घरांतल्या बायका डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवतात आणि संध्याकाळी आळ्यात ओततात. मोरीच्या पाण्यावर जगणारा वाफा पुन्हा तसाच जगतोय.

भाद्रपदात पहिल्यांदा सोनटक्का उमलला तेव्हा रात्री आठच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यापर्यंत वास गेला. लोक खाली उतरून विचारत होते, कुणी अत्तर सांडलंय का. तेरडा गौरींना उपयोगी पडला. पूर्वी बांधावरून फुकट यायचा, मधल्या काळात आम्ही तो स्टेशनबाहेर विकत घेत होतो.

तिसऱ्या मजल्यावर एक तमिळ अम्मा राहतात. त्यांना मराठी जुजबी येतं, मला तमिळ येत नाही. अबोली फुलली त्या सकाळी त्या वाफ्यापाशी उभ्या राहिल्या, एक फूल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "कनकांबरम!" त्यांच्या आवाजात जे होतं ते मला ओळखीचं होतं. त्यांच्याही अंगणात कधीतरी ही होती. दुसऱ्या दिवशी मी केळीचं सोपट भिजवून नेलं. त्यांनी धागा सोलला आणि आम्ही दोघं पायरीवर बसून ओवत राहिलो. झुपका उलटसुलट धरायची त्यांची रीत अगदी आजीसारखी. गाठ मात्र वेगळी, त्यांची अधिक घट्ट. ती मी आता शिकलो आहे.

मुलांना लोळायला हिरवळ मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्यांना दुसरं काहीतरी सापडलं. अबोलीचं वाळलेलं कणीस पाण्यात टाकलं की क्षणभर काही होत नाही, आणि मग टच्‌ करून बोंड फुटतं, बी हातभर उडतं. मी एकदा दाखवलं. आता पहिला पाऊस पडला की सहा-सात पोरं वाफ्याला चिकटून बसतात, कोणाचं बी लांब जातं याची पैज लावतात. पेरणी त्यांच्याकडून आपोआप होते.

त्यांना मी एकदा रविवारी पश्चिमेला सोपाऱ्याच्या स्तूपावर घेऊन गेलो. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तिथं खणलं तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि त्यांच्याबरोबर सोन्याची छोटी फुलं निघाली. कुणीतरी अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी ती या मातीत ठेवली होती. एका मुलीनं विचारलं, "काका, आपल्या वाफ्यात खणताना का नाही निघाली?" मी तिला खिशातले ते पांढरे शंख दाखवले.

गेल्या श्रावणाच्या शेवटी वाफ्याच्या पश्चिम टोकाला, जिथं चारनंतर तिरकं ऊन येतं, विटांच्या फटीतून हरळीचा एक धुमारा वर आला. दोनदा विकत आणूनही जी रुजली नव्हती, ती स्वतःहून आली होती, आणि नेमक्या उन्हाच्या जागी. खुरपं माझ्या हातात होतं. चतुर्थीला नऊ दिवस होते. मी खुरपं कडेला ठेवलं. हरतालिकेच्या संध्याकाळी आंघोळ करून खाली उतरलो, तीन पात्यांचे एकवीस शेंडे मिळाले, एक जुडी झाली. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी विटा सरकवल्या, खुरपं तिरकं घातलं आणि ती पेरापेरासकट खणून काढून कंपाऊंडच्या भिंतीवर उन्हात वाळत घातली.